इंजिन बांधावे की जुने आणावे? लहान ट्रकमालकाचा हिशेब आणि धोरणाची जबाबदारी

देशांतर्गत मालापैकी सुमारे ७० टक्के माल रस्त्याने जातो, असे नीती आयोगाचा २०२१ चा अहवाल सांगतो. या आकड्याच्या आधारे आपल्याकडे द्रुतगती महामार्ग, मालवाहतूक केंद्रे, पथकर आणि डिझेलचे दर यांवर भरपूर चर्चा होते. मात्र ज्या इंजिनाच्या बळावर हा माल हलतो, ते इंजिन थकले की त्याचा मालक नेमके काय करतो, हा प्रश्न धोरणकर्त्यांसमोर क्वचितच येतो. मालवाहतुकीच्या अर्थकारणावर मी काही वर्षांपासून लिहीत आहे. दिल्लीच्या संजय गांधी ट्रान्सपोर्ट नगरपासून तामिळनाडूतील नमक्कलपर्यंत ज्या ज्या ट्रकमालकांशी बोललो, त्यांच्याशी भाडे आणि डिझेल यांविषयीचे बोलणे संपले की विषय हमखास एकाच ठिकाणी येतो. इंजिनचे काम निघाले तर काय करायचे? असलेलेच इंजिन बांधून घ्यायचे, की भंगार बाजारातून जुने पण चालू इंजिन आणून बसवायचे?

वरकरणी हा प्रश्न मिस्त्रीच्या अखत्यारीतला वाटतो. वस्तुतः कर, कर्ज, नोंदणीचा कायदा आणि प्रदूषण नियंत्रण या चारही गोष्टी त्यात एकत्र येतात. आपल्याकडील बहुसंख्य ट्रकमालकांकडे पाचपेक्षा कमी गाड्या असतात. अनेकांकडे तर एकच, आणि तिचा चालकही तेच असतात. अशा माणसाचे इंजिन बसले की त्याचे उत्पन्न त्याच दिवशी थांबते. कर्जाचा हप्ता, विमा, परवाना आणि घरखर्च मात्र थांबत नाहीत. त्या पंधरा-वीस दिवसांत तो जो निर्णय घेतो, त्यावर पुढची तीन-चार वर्षे तो या व्यवसायात टिकेल की नाही हे ठरते.

निदानाआधी खर्च नको

इंजिन उतरवण्याआधी ते खरोखर उतरवण्याची गरज आहे का, हे पाहणे ही काटकसरीची पहिली पायरी होय. काळा धूर म्हणजे इंधन जास्त आणि हवा कमी. तुंबलेला एअर फिल्टर, झिजलेले नोझल किंवा बिघडलेला पंप ही त्याची नेहमीची कारणे, आणि त्यांचा खर्च पूर्ण इंजिनच्या तुलनेत किरकोळ असतो. निळसर धूर आणि सतत कमी होणारे ऑइल ही मात्र रिंग, लायनर किंवा व्हॉल्व्ह गाइड झिजल्याची खूण असते. ऑइल भरण्याचे झाकण उघडल्यावर वाफेसारखा जोरदार झोत येत असेल, तर ज्वलनाचा दाब पिस्टनच्या बाजूने खाली निसटत आहे असे समजावे. इंजिन तापल्यानंतरही पांढरा धूर येत राहिला आणि रेडिएटरमधले पाणी कमी होत गेले, तर हेड किंवा गॅस्केटवर संशय घ्यावा. प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजणारी चाचणी अर्ध्या दिवसात होते. ती न करता ‘सगळे खोलूनच पाहू’ असे सांगणाऱ्या मिस्त्रीपासून चार हात दूर राहिलेले बरे.

इंजिन खरोखरच खोलायचे ठरले, तर पैसे कुठे वाचवायचे आणि कुठे वाचवायचे नाहीत याचा विवेक महत्त्वाचा ठरतो. लायनर सर्वत्र सारखे झिजत नाही. वरची रिंग जिथून परत फिरते, त्या भागात झीज सर्वाधिक असते. त्यामुळे सिलिंडरचे भोक हळूहळू निमुळते आणि अंडाकृती होत जाते. अशा भोकात नुसत्या नव्या रिंगा घातल्या, तर काही महिन्यांत धूर पुन्हा सुरू होतो आणि मजुरीचे पैसे दुसऱ्यांदा मोजावे लागतात. ‘फक्त रिंगा बदलून देतो’ हा सौदा म्हणूनच बहुधा महाग पडतो. लायनर-पिस्टनचा संच, क्रँक ग्राइंडिंग, त्या मापाचे बेअरिंग, हेडची पातळी, ऑइल पंपाची तपासणी आणि पंप-नोझलची जुळणी या बाबींत हात आखडता घेऊ नये. याउलट फ्लायव्हील, टायमिंगचे आवरण, कनेक्टिंग रॉड किंवा ऑइल चेंबर हे भाग मोजून, तपासून पुन्हा वापरता येतात. क्रँक शेवटच्या मापापर्यंत घासली गेली असेल, तर नवी घेण्याऐवजी बाजारातून चांगल्या मापाची जुनी क्रँक घेणे हाही शहाणपणाचा मार्ग ठरतो.

आणखी एक गोष्ट हिशेबात सहसा धरली जात नाही, ती म्हणजे इंजिन गेले कशामुळे. एअर फिल्टरच्या फाटक्या नळीतून आत गेलेली धूळ, गाळाने भरलेला रेडिएटर, वेळेवर न बदललेले ऑइल किंवा वर्षानुवर्षे वाहिलेला जादा भार यांपैकी मूळ कारण कायम राहिले, तर बांधलेले इंजिन आणि विकत आणलेले इंजिन दोन्ही सारख्याच वेगाने बसतील. रेडिएटर साफ करून घेण्याचा खर्च इंजिनच्या खर्चातच धरायला हवा.

दोन मार्गांचे अंकगणित

दुसरा मार्ग जुन्या इंजिनाचा. दिल्लीतील मायापुरी, चेन्नईतील पुदुपेट आणि कोलकात्यातील मलिक बाजार ही नावे या व्यवहाराशी पिढ्यान्‌पिढ्या जोडलेली आहेत. अपघातग्रस्त किंवा मोडीत निघालेल्या गाडीचे इंजिन इथे तयार मिळते. तीन-चार दिवसांत ते बसते आणि गाडी भाड्याला लागते. हातात पैसे नसलेल्या आणि दारात माल खोळंबलेल्या माणसाला हे आकर्षण टाळता येत नाही.

आता एक हिशेब मांडतो. यातले आकडे उदाहरणादाखल आहेत. गावागणिक आणि गाडीगणिक ते बदलतील. त्यांच्या आधारे करायचा विचार मात्र तोच राहील. समजा, सहा सिलिंडरचे जुन्या पद्धतीचे इंजिन नीट बांधायला अडीच लाख रुपये लागतात आणि ते तीन लाख किलोमीटर चालते. जुने इंजिन सव्वा लाखात मिळते. बसवण्याचा, गॅस्केटचा आणि किरकोळ सामानाचा खर्च धरून दीड लाखात पडते आणि एक लाख किलोमीटर चालते. म्हणजे बांधलेल्या इंजिनाचा खर्च किलोमीटरमागे सुमारे ८३ पैसे, तर जुन्याचा दीड रुपया.

खरा फरक पडतो तो इंधनात. बांधलेले इंजिन लिटरमागे ४ किलोमीटर देते आणि थकलेले जुने ३.७ किलोमीटर देते, असे धरू. डिझेल ९० रुपये लिटर असेल, तर पहिल्याचा इंधनखर्च किलोमीटरमागे २२ रुपये ५० पैसे होतो आणि दुसऱ्याचा २४ रुपये ३२ पैसे. एक लाख किलोमीटरमध्ये हा फरक १ लाख ८२ हजारांचा होतो. म्हणजे इंजिनाच्या किमतीपेक्षा ते पीत असलेले जादा डिझेल महाग ठरते. इंजिन बांधण्यासाठी गाडी अकरा दिवस अधिक उभी राहिली आणि दिवसाला चार हजारांचे नुकसान झाले, तरी ते ४४ हजारांच्या पुढे जात नाही.

मग इंजिन बांधून घेणेच नेहमी योग्य का? तसे नाही. गाडी यापुढे फक्त एक लाख किलोमीटर चालवायची असेल, तर चित्र बदलते. बांधण्याचा खर्च आणि खोळंबा मिळून २ लाख ९४ हजार होतात. आणलेले जुने इंजिन खरोखर चांगले निघाले आणि इंधनातला फरक वरच्यापेक्षा निम्माच राहिला, तर त्या मार्गाचा एकूण खर्च २ लाख ४० हजारांच्या आसपास येतो. इथे जुने इंजिन सरस ठरते. निर्णयाचा काटा म्हणूनच दोन बाबींवर हलतो. आणलेले इंजिन आतून कसे आहे, हे घेणाऱ्याला किती कळते? आणि गाडी अजून किती वर्षे चालवू दिली जाईल, हे त्याला किती खात्रीने सांगता येते? पहिल्या प्रश्नाचे उत्तर बाजाराने द्यायचे आणि दुसऱ्याचे सरकारने. आज दोघेही ते देत नाहीत.

आहे तो ट्रक विकून त्यापेक्षा नवा, पण वापरलेला ट्रक घेण्याचा तिसरा पर्यायही मालकाला सुचवला जातो. मात्र बसलेल्या इंजिनाच्या गाडीला भंगाराच्या जवळपासचा भाव येतो आणि वापरलेल्या वाहनाच्या कर्जाचे व्याज नव्यापेक्षा चढे असते. शिवाय दुसऱ्याच्या ट्रकमधले इंजिन किती झिजले आहे, हा मूळ प्रश्न तिथेही उभाच राहतो.

कायदा लहानाला जड

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनाचे इंजिन बदलायचे असेल, तर नोंदणी प्राधिकाऱ्याची मान्यता लागते. मान्यतेविना बदलले गेले असल्यास १४ दिवसांत कळवावे लागते. यामागचा हेतू रास्त आहे. इंजिन क्रमांक ही वाहनाची ओळख असते आणि चोरीच्या गाड्यांचे इंजिन बाजारात फिरणे ही काही काल्पनिक भीती नव्हे. उत्तर प्रदेश पोलिसांनी मेरठच्या सोतीगंज बाजारावर कारवाई केली आणि डिसेंबर २०२१ मध्ये तो बंद पाडला, ती याच कारणासाठी. विनापावतीचे जुने इंजिन घेणारा ट्रकमालक स्वस्ताईबरोबर हा धोकाही घरी आणतो. पुढे तपासणीत क्रमांक जुळला नाही, तर गाडी अडकते आणि विम्याच्या दाव्यातही अडचण उभी राहते.

मात्र याच कलमात एक सवलतही आहे. किमान दहा वाहतूक वाहने असलेल्या मालकांना त्याच बनावटीचे व त्याच प्रकारचे इंजिन मान्यतेविना बदलण्याची मुभा राज्य सरकारे अधिसूचनेद्वारे देऊ शकतात. म्हणजे ज्याच्याकडे कागदपत्रांसाठी वेगळा कारकून आहे, त्याला ही सूट मिळू शकते. एकाच ट्रकच्या मालकाला मात्र ती मागण्याचीही सोय नाही. ‘वाहन’ ही राष्ट्रीय नोंदणी प्रणाली अस्तित्वात असताना दहा गाड्यांची ही अट का राहावी? इंजिनचा क्रमांक, छायाचित्र, विक्रीची पावती आणि कारखान्याचा दाखला ऑनलाइन सादर झाला, की नोंद व्हावी. पडताळणी पुढच्या योग्यता तपासणीत करता येईल.

करव्यवस्थेची गोष्टही अशीच आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये वस्तू व सेवा कराच्या दरांची फेररचना झाली. ट्रकवरील कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि वाहनांच्या सुट्या भागांसाठीही १८ टक्के हाच दर लागू झाला. हे पाऊल स्वागतार्हच आहे. तथापि, मालवाहतूक एजन्सी नसलेल्या साध्या ट्रकमालकाची रस्ता वाहतूक सेवा या करातून मुक्त आहे. ही मुक्ती ऐकायला बरी वाटते, पण तिच्यामुळे त्याला सुट्या भागांवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. लायनर, पिस्टन आणि बेअरिंगवरचे १८ टक्के त्याच्या खिशातून कायमचे जातात. भंगार बाजारातल्या विनापावतीच्या इंजिनावर तेवढा कर दिसतच नाही. प्रामाणिकपणे, पावती घेऊन इंजिन बांधणारा माणूस अधिक कर देतो आणि संशयास्पद इंजिन घेणारा काहीच देत नाही. करव्यवस्थेच्या या रचनेमुळे लहान मालक बेहिशेबी बाजाराकडे ढकलला जातो.

आयकराचे पाहू. १९६१ च्या कायद्यातील कलम ४४एईने लहान मालकांसाठी अनुमानित उत्पन्नाची पद्धत आणली. त्यानुसार १२ टनांपेक्षा जड मालवाहू वाहनासाठी टनामागे दरमहा १,००० रुपये उत्पन्न गृहीत धरले जाते. म्हणजे २८ टनांच्या ट्रकसाठी महिन्याला २८,००० रुपये. हिशेबाच्या वह्या सांभाळाव्या लागत नाहीत, ही त्यातली मोठी सोय. मात्र हे उत्पन्न गाडी मालकीची असलेल्या प्रत्येक महिन्यासाठी धरले जाते, चाललेल्या महिन्यासाठी नव्हे. इंजिन खोलून गाडी महिनाभर कारखान्यात उभी असली, तरी कागदावर तिने पूर्ण कमाई केलेली असते आणि त्या खर्चाची वेगळी वजावटही मिळत नाही.

वय मोजायचे की धूर?

या लेखाचा अर्थ जुने, धुराडे झालेले ट्रक अनंतकाळ चालू द्यावेत असा कुणी काढू नये. नीती आयोगाच्या त्याच अहवालानुसार मध्यम व अवजड ट्रक एकूण वाहनांच्या केवळ ३ टक्के आहेत. मात्र वाहनांतून होणाऱ्या सूक्ष्म कणांच्या उत्सर्जनात त्यांचा वाटा ५३ टक्के आहे. शहरांतील मुलांच्या फुप्फुसांपेक्षा कुणाचाही धंदा मोठा नाही. बांधलेले इंजिन कमी धूर सोडते हे खरे. पण ज्या मानकाचे ते बनले, त्या मानकाच्या वर ते जात नाही. बीएस-३ इंजिन कितीही निगुतीने बांधले तरी ते बीएस-३ च राहते. बीएस-६ इंजिन धूर शुद्ध करणाऱ्या यंत्रणेशी आणि इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाशी जोडलेले असते, त्यामुळे ते नुसते उचलून जुन्या चासिसवर बसवताही येत नाही.

अडचण नियमांच्या कडकपणाची नाही, त्यांच्या अस्थिरतेची आहे. राष्ट्रीय हरित लवादाने एप्रिल २०१५ मध्ये राजधानी परिसरात दहा वर्षांहून जुन्या डिझेल वाहनांना मज्जाव केला. ऑक्टोबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. ऑगस्ट २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने केवळ वयाच्या आधारे सक्तीची कारवाई नको असे म्हटले आणि डिसेंबरमध्ये हे संरक्षण बीएस-४ व त्यापुढील वाहनांपुरते मर्यादित केले. दरम्यान, दिल्लीबाहेर नोंदलेल्या बीएस-३ व त्याखालच्या मालवाहू वाहनांना १ नोव्हेंबर २०२५ पासून राजधानीत प्रवेशबंदी झाली. दुसरीकडे, पंधरा वर्षांहून जुन्या अवजड मालवाहू वाहनांच्या योग्यता प्रमाणपत्राच्या नूतनीकरणासाठी ऑक्टोबर २०२१ च्या अधिसूचनेने १२,५०० रुपये शुल्क ठरवले. यातला प्रत्येक निर्णय आपापल्या जागी समर्थनीय असेल. पण इंजिनात अडीच लाख घालायचे की नाही हे ठरवणाऱ्या माणसाला या सगळ्यातून एकच गोष्ट कळते: आपली गाडी आणखी किती वर्षे रस्त्यावर राहील, याचा भरवसा नाही. ज्याला चार वर्षांची खात्री नाही, तो चार वर्षे टिकणारे काम करून घेत नाही. तो सर्वांत स्वस्त, सर्वांत धुरकट पर्याय निवडतो. हवा स्वच्छ करण्यासाठी केलेले अस्थिर नियम अशा रीतीने धूर वाढवू शकतात.

काय करता येईल?

पहिली गोष्ट, वाहनाच्या वयाऐवजी स्वयंचलित केंद्रातील चाचणी हा निकष व्हावा. आणि जिथे मानकांनुसार प्रवेशबंदी आवश्यकच असेल, तिथे ती किमान पाच वर्षे आधी जाहीर व्हावी. दुसरी, नोंदणीकृत वाहन मोडीत काढणाऱ्या केंद्रांतून बाहेर पडणाऱ्या पुनर्वापरयोग्य सुट्या भागांसाठी श्रेणी आणि दाखला यांची पद्धत यावी. इंजिन कोणत्या गाडीचे, किती चालले, दाब किती, हे एका कागदावर मिळाले, तर जुने इंजिन घेणे हा जुगार राहणार नाही. टाटा मोटर्सची ‘प्रोलाइफ’ किंवा कमिन्सची ‘रेकॉन’ यांसारख्या योजनांतून कंपन्या स्वतःच पुनर्निर्मित भाग देतात. जुना भाग परत घेऊन बांधलेला देण्याची ही पद्धत लहान शहरांपर्यंत पोहोचायला हवी.

तिसरी, इंजिन बांधणीसाठी मुद्रा योजनेतून अल्पमुदतीचे, थेट कारखान्याला अदा होणारे कर्ज मिळावे. वरच्या उदाहरणातील ट्रक महिन्याला आठ हजार किलोमीटर धावला, तर केवळ इंधनातली बचत साडेचौदा हजारांच्या घरात जाते. कर्जाचा हप्ता त्यातून फिटू शकतो. म्हणजे हा धोक्याचा नव्हे, स्वतःची परतफेड करणारा खर्च आहे. चौथी, करमुक्त सेवा देणाऱ्या लहान मालकाला इंजिनच्या प्रमुख भागांवरील कराचा परतावा मिळावा आणि कारखान्याच्या पावतीवर महिनाभर उभ्या राहिलेल्या गाडीचे अनुमानित उत्पन्न त्या महिन्यापुरते वगळावे.

पाचवी बाब मिस्त्रीची. राजकोट, लुधियाना, कोल्हापूर ही शहरे इंजिनचे ओतीव आणि घडीव भाग बनवतात. ते भाग हजारो मैलांवर बसवणारा मिस्त्री मात्र व्यवस्थेच्या नजरेआड आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत लोहारापासून कुलूप बनवणाऱ्यापर्यंत १८ व्यवसाय आहेत. डिझेल मिस्त्री त्या यादीत नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत ‘मेकॅनिक डिझेल’ हा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे, पण बाजारातले बहुतांश उस्ताद हाताखाली राहून शिकलेले आहेत. २०२० पासून रस्त्यावर आलेली बीएस-६ इंजिने आता त्यांच्या दारात येऊ लागतील. ही इंजिने पान्याइतकीच स्कॅनरने उघडतात. २०२२ मध्ये केंद्राने ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली आणि त्यात वाहन क्षेत्राचाही समावेश केला. कंपन्यांनी दुरुस्तीची माहिती आणि निदानाची साधने स्वतंत्र कारखान्यांना वाजवी दरात देण्याचे बंधन आले नाही, तर उद्या इंजिन बांधण्याचा पर्यायच उरणार नाही आणि या लेखाच्या शीर्षकातला प्रश्न निकालात निघेल, तोही लहान मालकाच्या विरोधात.

ट्रकमालकाने काय करावे, हे सांगणे तुलनेने सोपे आहे. आधी मोजा, मग खोला, कारण शोधा, गाडी किती वर्षे चालवायची ते ठरवा, पावती आणि क्रमांक जुळल्याशिवाय जुन्या इंजिनाला हात लावू नका. हा सल्ला पाळण्याइतकी उसंत आणि भांडवल त्याच्याकडे असावे, ही जबाबदारी मात्र त्याची एकट्याची नाही. ती कर, कर्ज आणि नियम ठरवणाऱ्यांची आहे आणि त्यांनी ती उचलेपर्यंत भंगार बाजारातले स्वस्त इंजिनच त्याला परवडत राहील.